बुद्धिबळाचा सुलतान

पुणे शहराच्या जुन्या पेठांमधून हिंडताना अजूनही काही वाडे दृष्टीस पडतात. भक्कम दिंडीदरवाजा, आत फरसबंदी चौक आणि चौकाभोवती लाकडी खांबांच्या ओसऱ्या अशी त्यांची रचना असते. एके काळी या ओसऱ्यांवर दुपारच्या निवांत वेळी बुद्धिबळाचे पट मांडले जात. दोघे खेळत आणि आठ-दहा जण भोवती बसून पाहत. खेळणारे अबोल असत. पाहणाऱ्यांना मात्र खेळी सुचविण्याचा मोह आवरत नसे. सूर्य मावळतीला जाई, घरातून दिव्याची वेळ झाल्याची आठवण होई, तरी डाव संपत नसे.

त्या पटावर खेळला जाणारा खेळ आजच्या मुलांना ठाऊक असलेल्या खेळाहून थोडा निराळा होता. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर पुढे सरकत असे. दोन घरे चालण्याची त्यास मुभा नव्हती. राजा आणि हत्ती यांनी एकाच खेळीत जागा बदलून राजाला सुरक्षित कोपऱ्यात नेणे, म्हणजे किल्लेकोट करणे, हाही प्रकार नव्हता. त्याऐवजी राजाला शह लागण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी उडी मारता येत असे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ते सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोहोचे, त्या मोहऱ्याचे रूप त्यास मिळे. प्रांताप्रांतांत या नियमांत थोडाफार फरक असे. पण खेळाची प्रकृती सगळीकडे सारखीच होती. डाव सावकाश उमलत असे. घाई करणाऱ्याची फजिती होई आणि धीर धरणाऱ्यास यश येई.

युरोपात मात्र या खेळाचे नियम काळाच्या ओघात बदलले होते. तेथे पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले होते. थोर खेळाडूंचे डाव टिपून ठेवले जात आणि नवे खेळाडू त्यांचा अभ्यास करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातील खेळाडूंपुढे एक अवघड प्रश्न उभा होता. देशी पटावर कितीही नाव मिळविले, तरी जगाच्या स्पर्धेत उतरायचे तर निराळ्या नियमांनी खेळावे लागणार होते. ज्याने आयुष्यभर एक वाट तुडविली, त्याने दुसरी वाट धरून तेथल्या जाणत्यांना मागे टाकणे शक्य होते काय? या प्रश्नाचे उत्तर पंजाबातील एका तरुणाने दिले. त्याचे नाव सुलतानखान.

सुलतानखान यांचा जन्म १९०३ च्या सुमारास पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे; त्या वेळी भारत एकसंध होता आणि त्यावर इंग्रजांचे राज्य होते. सुलतानचे वडील मियाँ निजामुद्दीन हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते आणि बुद्धिबळातही निष्णात होते. त्यांनी आपल्या मुलांना हा खेळ शिकविला. सुलतान नऊ वर्षांचा असताना पटापुढे बसू लागला. भावंडांमध्ये डाव रंगत. जो हरे, तो पुन्हा मोहरी मांडी.

सुलतान बोलण्यात मितभाषी होता. पटावर नजर खिळवून तो स्तब्ध बसून राही. समोरचा मनुष्य काय करू पाहतो, हे त्यास लवकर उमगे. परंतु आपले मन तो कधी चेहऱ्यावर दिसू देत नसे. विजयाने त्याला उन्माद चढत नसे आणि पराभवाने तो खचत नसे. वयाच्या एकविसाव्या वर्षी पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू म्हणून लोक त्याला ओळखू लागले.

त्याच सुमारास सर उमर हयातखान टिवाणा या धनाढ्य जमीनदाराचे लक्ष त्याच्याकडे गेले. सर उमर यांना बुद्धिबळाचा मोठा शौक होता. या तरुणाची बुद्धी सामान्य नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी सुलतानखान यांना आपल्या आश्रयास घेतले आणि युरोपीय नियमांनी खेळण्याचे शिक्षण त्यांना मिळेल अशी व्यवस्था केली.

हे शिक्षण सोपे नव्हते. नवा खेळ शिकणाऱ्याला काहीच माहीत नसते, म्हणून त्याला काही विसरावे लागत नाही. सुलतानखान यांना मात्र हाताच्या जुन्या सवयी मोडावयाच्या होत्या. प्रतिस्पर्ध्याचे प्यादे एकदम दोन घरे पुढे येई आणि पटाच्या मध्यभागी झटापट चटकन सुरू होई. जेथे पूर्वी दहा-बारा खेळ्या शांतपणे सैन्य मांडण्यात जात, तेथे आता पाचव्या-सहाव्या खेळीतच संकट उभे राही. त्यांतच दुसरी एक अडचण होती. या खेळाचे उत्तमोत्तम ग्रंथ इंग्रजी, जर्मन अशा भाषांत होते, आणि या ग्रंथांचे दार सुलतानखान यांना बंद होते. इतरांनी शंभर वर्षांत साठविलेले ज्ञान त्यांना पटावर बसून, एकेका पराभवाची किंमत देऊन मिळवावे लागले.

१९२८ साली दिल्ली येथे अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतानखान नऊ डाव खेळले. त्यांपैकी आठ त्यांनी जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि एकही गमावला नाही. देशात त्यांना तोडीचा खेळाडू उरला नव्हता. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९२९ च्या वसंत ऋतूत, सर उमर इंग्लंडला गेले, तेव्हा ते सुलतानखान यांनाही बरोबर घेऊन गेले.

लंडनमध्ये पाऊल ठेवताच सारेच परके वाटू लागले. भाषा परकी, अन्न परके, आकाशही परके. पंजाबच्या उन्हात वाढलेल्या शरीराला तेथील दमट थंडी सोसेना. सर्दी, पडसे आणि घशाचे विकार यांनी त्यांची पाठ सोडली नाही. हिवतापही मधूनमधून डोके वर काढी. पुढे अनेकदा गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते सामन्याला येत असत.

त्यांना सराव व्हावा म्हणून लंडनमध्ये एक लहानशी स्पर्धा भरविण्यात आली. तिचा निकाल निराशाजनक लागला. सुलतानखान अगदी तळाशी राहिले. शेवटचे स्थान त्यांना आणखी एका खेळाडूबरोबर वाटून घ्यावे लागले. भारताचा विजेता येथे टिकणार नाही, असे पाहणाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्या स्पर्धेत खेळलेल्या दोन इंग्रज खेळाडूंना निराळेच काही दिसले. फ्रेड येट्स आणि विल्यम विंटर ही त्यांची नावे. येट्स हे ब्रिटनचे अजिंक्यपद अनेकदा मिळविलेले मुरब्बी खेळाडू होते. हा पाहुणा डावाच्या आरंभी चुकतो, पण मध्य आणि शेवट यांत त्याची समज खोल आहे, हे या दोघांनी जाणले. पुढल्या स्पर्धेत हाच मनुष्य आपल्याला भारी पडेल, याचा विचार त्यांनी केला नाही. त्यांनी सुलतानखान यांच्याबरोबर बसून सराव केला आणि त्यांना डावाच्या आरंभाचे धडे दिले. खेळाडूचे मन किती मोठे असावे, याचे हे सुंदर उदाहरण होय.

त्याच उन्हाळ्यात समुद्रकाठच्या रॅम्सगेट या गावी ब्रिटिश अजिंक्यपदाचे सामने झाले. काही महिन्यांपूर्वी तळाशी राहिलेला खेळाडू या वेळी सर्वांच्या वर आला. सुलतानखान ब्रिटनचे विजेते झाले. ज्या देशाची सत्ता आपल्या देशावर चालत होती, त्या देशाच्या मानाच्या पटावर एका भारतीयाने विजय मिळविला होता. त्यासाठी त्याला शस्त्र उचलावे लागले नाही की आवाज चढवावा लागला नाही. चौसष्ट घरांच्या पटावर राजा आणि प्रजा असा भेद नसतो. तेथे ज्याची खेळी सरस, तोच श्रेष्ठ.

त्या वर्षाच्या अखेरीस ते मायदेशी परतले; परंतु १९३० च्या मे महिन्यात ते पुन्हा युरोपात आले. बेल्जियममधील लीएझ येथे त्या वर्षी झालेल्या स्पर्धेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. आता युरोपातील नामांकित खेळाडू त्यांच्याकडे आदराने पाहू लागले होते. आणि मग तो प्रसंग आला, ज्यामुळे सुलतानखान यांचे नाव बुद्धिबळाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. नाताळच्या दिवसांत तेथे दरवर्षी बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरत असे. १९३० सालच्या अखेरीस सुरू झालेल्या स्पर्धेत दहा खेळाडू होते. त्यांत क्यूबा देशाचे होजे राउल कॅपाब्लांका हेही होते. कॅपाब्लांका म्हणजे त्या काळातील बुद्धिबळाचे मूर्तिमंत तेज. १९२१ ते १९२७ या काळात ते जगज्जेते होते. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे सुमारे आठ वर्षे, त्यांनी स्पर्धेत एकही डाव गमाविला नव्हता. त्यांची खेळी इतकी अचूक असे, की लोक त्यांना चालते यंत्र समजत. अशा पुरुषासमोर, अवघ्या काही वर्षांपूर्वी हे नियम शिकलेले सुलतानखान बसले.

सुलतानखान यांच्याकडे पांढरी मोहरी होती. आरंभीच त्यांनी डाव्या कडेचे प्यादे फक्त एक घर पुढे सरकविले. वरवर पाहता ही अगदी साधी खेळी होती. देशी पटावर लहानपणापासून खेळलेल्या हाताला अशा संथ खेळीचे वावडे नव्हते. कॅपाब्लांका यांनी आठव्या खेळीस किल्लेकोट करून आपला राजा सुरक्षित केला. सुलतानखान यांनी मात्र संपूर्ण डावात किल्लेकोट केला नाही. त्यांचा राजा मध्यभागी आपल्या मूळ घरीच उभा राहिला. उजव्या बाजूची प्यादी त्यांनी एकामागून एक पुढे ढकलली आणि शत्रूच्या घोड्याला मागे हटण्यास भाग पाडले.

कॅपाब्लांका यांनी उघड्या राजावर हल्ला करण्याचे ठरविले. त्यांनी आपले दोन्ही हत्ती एकाच पट्टीत एकामागे एक आणून उभे केले. एकविसाव्या खेळीस पुढचा हत्ती थेट पांढऱ्या राजाच्या ओळीत येऊन धडकला आणि त्याने शह दिला. राजा शांतपणे एक घर पुढे सरकला. लगेच दुसरा हत्ती पुढे आला, पुन्हा शह! आता सुलतानखान यांनी आपल्या वजिराने तो हत्ती मारला. पहिल्या हत्तीने वजीर मारला आणि पुन्हा शह दिला. त्या हत्तीला स्वतः राजानेच टिपले. क्षणार्धात पटाचे रूप पालटले. पांढऱ्यांचा वजीर गेला होता. परंतु त्याच्या मोबदल्यात काळ्यांचे दोन्ही हत्ती पडले होते.

वजीर हे पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरे. तो सरळ जातो, तिरपा जातो, दूरवर मारा करतो. मोकळ्या पटावर एकटा वजीर दोन हत्तींना सळो की पळो करून सोडतो. कॅपाब्लांका यांचा भरवसा यावरच असावा. परंतु हा पट मोकळा नव्हता. सुलतानखान यांनी प्याद्यांची अशी तटबंदी उभी केली होती, की वजिराला आत शिरण्यास वाटच सापडेना. तो उजव्या कोपऱ्यात एका घरातून दुसऱ्या घरात आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात येरझाऱ्या घालू लागला. पिंजऱ्यातल्या वाघाने गजापाशी फेऱ्या माराव्यात, तशी त्याची गत झाली.

सुलतानखान यांना कसलीही घाई नव्हती. त्यांनी आपला राजा एकेक घर चालवीत डाव्या बाजूला नेला. किल्लेकोटाने जे काम एका खेळीत झाले असते, ते त्यांनी देशी राजाच्या चालीने सावकाश पार पाडले. मग हत्ती एकाच पट्टीत आणले. मग डाव्या बाजूची प्यादी पुढे नेली. प्रत्येक खेळी लहान होती. पण प्रत्येक खेळीने काळ्यांची जागा थोडी थोडी कमी होत होती. ज्या संथ खेळामुळे लंडनच्या पहिल्या स्पर्धेत त्यांची पीछेहाट झाली होती, तोच संथपणा आता त्यांचे बळ ठरला. अखेर त्यांचा हत्ती शत्रूच्या गोटात शिरला आणि एक प्यादे बेधडक पुढे निघाले. पासष्टाव्या खेळीनंतर कॅपाब्लांका यांनी पराभव मान्य केला.

या डावात चमत्कार नव्हता, कपट नव्हते की नशिबाचा खेळ नव्हता. दोन थोर बुद्धिमान पुरुष तासन्‌तास एकमेकांसमोर बसले आणि ज्याचा धीर अधिक टिकला, त्यास जय मिळाला. त्या स्पर्धेत कॅपाब्लांका यांनी गमावलेला हा एकच डाव होता. स्पर्धेत डॉ. मॅक्स ऑयवे पहिले, कॅपाब्लांका दुसरे आणि सुलतानखान तिसरे आले.

पुढील तीन वर्षे सुलतानखान यांची कीर्ती वाढतच गेली. १९३० साली हॅम्बुर्ग, १९३१ साली प्राग आणि १९३३ साली फोकस्टन येथे राष्ट्राराष्ट्रांतील सांघिक सामने झाले. या तिन्ही ठिकाणी ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर खेळले. पहिल्या पटावर प्रत्येक देशाचा सर्वांत बलवान खेळाडू बसतो. प्राग येथे त्यांनी सालो फ्लोर आणि अकिबा रुबिनस्टाईन या नाणावलेल्या खेळाडूंना हरविले आणि त्या वेळचे जगज्जेते अलेक्झांडर अलेखाईन यांच्याशी बरोबरी साधली. त्याच वर्षी सावेली टार्टाकोवर यांच्याविरुद्ध बारा डावांची लढत झाली. तीही त्यांनी जिंकली. १९३२ आणि १९३३ या दोन्ही वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांच्याकडे आले.

१९३३ सालच्या स्पर्धेत आणखी एक आनंदाची घटना घडली. सर उमर यांच्या परिवारातील फातिमा नावाच्या तरुणीने स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. तिने अकरा डावांपैकी दहा जिंकले आणि एक बरोबरीत सोडविला. एकाच वर्षी पुरुषांचा आणि स्त्रियांचा, असे दोन्ही मान भारतातून गेलेल्या खेळाडूंनी मिळविले.

सुलतानखान त्या वेळी जेमतेम तिशीत होते. जगातील श्रेष्ठ दहा खेळाडूंत त्यांची गणना होत होती. त्यांचा सर्वोत्तम काळ अजून पुढेच आहे, असे कोणासही वाटले असते. परंतु पटावरील खेळी जरी त्यांच्या हाती असली, तरी आयुष्याची खेळी त्यांच्या हाती नव्हती. ते सर उमर यांच्या आश्रयाने युरोपात राहत होते. डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतानखानही परतले. युरोपातील स्पर्धांत ते पुन्हा कधी दिसले नाहीत. पहिल्यांदा इंग्लंडला पाऊल लावल्यापासून या दिवसापर्यंत पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

परतल्यानंतरची त्यांची एक लढत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर या महाराष्ट्रीय खेळाडूशी त्यांचे दहा डाव झाले. सुलतानखान यांनी नऊ डाव जिंकले. एका डावात मात्र खाडिलकरांनी त्यांना बरोबरीत रोखले. ज्या हातांनी कॅपाब्लांका यांच्यासारख्यांना नमविले, त्या हातांपुढे एक अर्धा गुण मिळविणे हीही लहान गोष्ट नव्हती. या लढतीनंतर मोठ्या पटावरून सुलतानखान यांचे नाव जवळजवळ नाहीसेच झाले.

पुढे सर उमर १९४४ साली वारले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. सुलतानखान यांचे गाव पाकिस्तानात गेले. ते सरगोधा भागात आपल्या शेतीवर राहत होते. तेथे त्यांनी संसार केला, मुले वाढविली. आपल्या मुलांना मात्र त्यांनी बुद्धिबळाचे धडे दिले नाहीत. मुलांनी आयुष्यात याहून अधिक उपयोगी असे काही करावे, अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. ज्याने या खेळात जगाचे शिखर पाहिले, त्याने आपल्या मुलांना त्या वाटेवर नेले नाही, हे ऐकून मन थबकते. कीर्ती मिळते आणि ओसरतेही. पोटाचा प्रश्न मात्र रोज उभा राहतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. २५ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९५० साली थोर खेळाडूंना ग्रँडमास्टर हा किताब देण्यास आरंभ केला. पहिल्या यादीत सत्तावीस नावे होती. रुबिनस्टाईन, टार्टाकोवर आणि फ्लोर यांची नावे त्यांत होती. या तिघांनाही पटावर हरविलेल्या सुलतानखान यांचे नाव मात्र नव्हते. ते तेव्हा हयात होते. पण दूरच्या एका खेड्यात शेती करणाऱ्या मनुष्याची आठवण कोणाला झाली नाही. त्यांनी त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. हा किताब मिळविणारे पहिले भारतीय म्हणजे विश्वनाथन आनंद. तो त्यांना १९८८ साली मिळाला.

तरीही चांगले काम कायमचे झाकून राहत नाही. सुलतानखान यांचे डाव टिपून ठेवलेले होते. देशोदेशीचे खेळाडू ते पुन्हा पुन्हा पटावर मांडून पाहत होते आणि प्रत्येक पिढी नव्याने आश्चर्य करीत होती. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे ५८ वर्षांनी, जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब अर्पण केला. मान उशिरा आला. पण तो ज्याचा होता, त्याच्याच नावावर लागला.

आज पुण्यातील ओसऱ्यांची जागा बहुतेक ठिकाणी उंच इमारतींनी घेतली आहे. बुद्धिबळाचा पट मात्र या शहरातून गेला नाही. पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले. २०१४ साली कुमार गटाची जागतिक स्पर्धाच पुण्यात भरली आणि जगातील अनेक देशांचे तरुण खेळाडू या शहरात येऊन खेळले. आजच्या मुलांना ग्रंथ मिळतात, शिक्षक मिळतात, थोरांचे डाव घरबसल्या पाहावयास मिळतात. सुलतानखान यांना यांतील बहुतेक काही मिळाले नाही. त्यांच्याजवळ वडिलांनी दिलेला पट होता, न डगमगणारे मन होते आणि तळाशी राहिल्यावरही पुन्हा मोहरी मांडण्याची तयारी होती.

डावाच्या आरंभी जेव्हा एखादे मूल कडेचे प्यादे एकच घर पुढे सरकविते, तेव्हा शेजारचे मूल कधी कधी हसते. इतकी लहान खेळी कशासाठी, असे त्यास वाटते. हेस्टिंग्जच्या त्या डावातही पहिल्या काही खेळ्यांत असेच एक प्यादे एक घर सरकले होते. तो डाव पासष्ट खेळ्यांनी संपला, तेव्हा समोरच्या खुर्चीवर जगज्जेतेपद भूषविलेला पुरुष पराभव मान्य करीत होता.